पत्रिकेतील ग्रह आणि सुपातील दाणे



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा तर शाळेतल्या विज्ञानाच्या तासाचा विषय, धम्माच्या पानावर त्याचे काय काम? काम आहे. आपण दीक्षा घेतली. घरातले देव पाण्यात सोडले. त्रिशरण-पंचशील लेकरांच्या तोंडी आले. पण पत्र्याच्या पेटीत, अगदी तळाशी, सातबाऱ्याच्या कागदाखाली मुलीची पत्रिका अजून घडी घालून ठेवलेली असते. एरवी तिची कोणाला आठवण नसते. सोयरीक आली की पेटी उघडते. देव गेले, ग्रह राहिले. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "आमचा विश्वास नाही हो, पण पाहुण्यांनी मागितली म्हणून दिली." पाहुणेही बौद्धच असतात आणि त्यांचेही उत्तर हेच असते! दोन्ही घरांचा विश्वास नाही, आणि तरीही दोन्ही घरांच्या मधोमध शनी-मंगळ पाट मांडून बसलेले.

मी तुम्हाला "सोडा हे" असे सांगायला आलेलो नाही. कोणी सांगितले म्हणून धरले आणि कोणी सांगितले म्हणून सोडले, तर दोहोंत फरक तो काय? केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच समजावले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. धम्माला एहिपस्सिको म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा. तेव्हा आज आपण पाहूच. ज्या ग्रहांच्या भीतीने आपल्या मुलींची लग्ने अडतात, ते ग्रह केवढे आहेत आणि कुठे आहेत, हे स्वतःच्या हाताने मांडून पाहू. त्याला दुर्बीण लागत नाही. माउलीच्या स्वयंपाकघरातून एक सूप भरून सामान आणले की पुरे.

ज्वारीचा एक टपोरा दाणा घ्या. तो साधारण चार मिलिमीटरचा असतो. ही आपली पृथ्वी. तिच्यावरचे सगळे समुद्र, हिमालय, दिल्ली, नागपूर, तुमचे गाव आणि गावाबाहेरची वस्ती, सगळे त्या दाण्यावर. आता या मापात चंद्र म्हणजे खसखशीचा दाणा. खसखस महाग पडते, म्हणून राजगिऱ्यातला अगदी बारीक दाणा घेतला तरी चालेल. शुक्र पृथ्वीएवढाच, म्हणून ज्वारीचाच दुसरा दाणा. मंगळ मोहरीएवढा. बुध राजगिऱ्याचा जरा भरलेला दाणा. गुरूला मात्र लिंबू घ्यावे लागेल, कारण तो पृथ्वीच्या अकरा पट रुंद आहे. शनीला आवळा. युरेनस आणि नेपच्यून यांना दोन गावठी बोरे.

आणि सूर्य? मुलांना विचारून पाहा. कोणी मोसंबे म्हणेल, कोणी नारळ. सूर्य हवा एक हात रुंद, चव्वेचाळीस सेंटिमीटरचा. भाकरीचे पीठ मळायची मोठी परात उभी धरा, ती त्याची रुंदी. पण परात चपटी, सूर्य गोल आहे हे विसरू नका. त्या गोलात ज्वारीचे तेरा लाख दाणे पिठासारखे दळून दाबून भरले तर तो भरेल. हजार दाणे साधारण ३० ग्रॅम भरतात. म्हणजे चाळीस किलोच्या आसपास ज्वारी झाली. मोठ्या कुटुंबाची महिनाभराची भाकरी एका बाजूला, आणि आपली पृथ्वी त्यातला एक दाणा.

इथपर्यंत मुलांना मौज वाटते. पुस्तकातही एवढे असते. ग्रह शेजारी शेजारी, ओळीने काढलेले. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून ग्रह लहान-मोठे करून पाहता येतात, तेही चांगले आहे, मुलांना जरूर दाखवा. पण पडद्यावर अंतर हरवते, आणि खरी गोष्ट अंतरात आहे. म्हणून सूप घेऊन मैदानावर चला.

परात एका टोकाला झाडाला टेकवून ठेवा. तिथून अठरा मीटरवर बुध, चौतीस मीटरवर शुक्र. सत्तेचाळीस मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या साठ-पासष्ट पावलांवर, आपला ज्वारीचा दाणा ठेवा. त्याच्यापासून बारा सेंटिमीटरवर, सहा-सात बोटांवर, खसखशीचा दाणा. माणूस पृथ्वी सोडून आजवर गेला तो एवढाच, सहा-सात बोटे. मंगळाची मोहरी बहात्तर मीटरवर. मग मैदान संपते. लिंबू घेऊन पाव किलोमीटर चालावे लागते. शनीचा आवळा साडेचारशे मीटरवर, बहुधा एस.टी.च्या थांब्यापाशी. नेपच्यूनचे बोर एक हजार चारशे मीटरवर, शेजारच्या गावच्या शिवेत. मधे काही नाही. रिकामे, अंधारे, थंड. मी शाळेच्या मुलांकडून हे करून घेतले तेव्हा सातवीतला एक मुलगा आवळा हातात घेऊन चालता चालता म्हणाला, "सर, हा एवढ्या लांबून त्या दाण्यावरच्या माणसाचं नाव कसं वाचतो?" ज्योतिषाची इतकी सरळ परीक्षा मी कोणत्याही व्याख्यानात ऐकली नाही.

आता सूप पुन्हा पाहा. पत्रिकेत ग्रह नऊ. त्यांतला सूर्य ठेवला, चंद्र ठेवला, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी ठेवले. दोन राहिले. राहू आणि केतू. त्यांना कोणता दाणा घ्यावा?

कोणताच नाही. राहू-केतू ही वस्तूच नव्हे. आकाशात सूर्याचा जो मार्ग आपल्याला भासतो त्याला चंद्राचा मार्ग दोन ठिकाणी छेदतो. त्या दोन बिंदूंना ती नावे दिली आहेत. रस्त्यांच्या चौफुलीला नाव असते, म्हणून चौफुली कोणाला गिळत नाही. उलट जे खरोखर आहेत, पृथ्वीच्या चौपट रुंद आहेत, ते युरेनस आणि नेपच्यून जुन्या पत्रिकेत नाहीतच. युरेनस १७८१ साली सापडला, नेपच्यून १८४६ साली. गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० साली पाहिले. त्यांतला गॅनिमीड तर बुधापेक्षा मोठा आहे. शनीचा टायटनही बुधाहून मोठा. त्यांची शांती कोणी करत नाही, आणि आजवर त्यांनी कोणाचे वाकडे केल्याचे ऐकिवात नाही.

राहूविषयी जरा थांबून बोलले पाहिजे, कारण त्याचे आपल्याशी जुने नाते जोडले गेले होते. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ग्रहण लागले की गावात "दे दान, सुटे गिराण" असा पुकारा करत कोण फिरायचे? महार आणि मांग. राहू-केतू त्यांच्यातले, म्हणून त्यांना दान दिले की ग्रहण सुटते, अशी समजूत होती. ज्या माणसांची सावली अंगावर पडली तर विटाळ होई, त्यांनाच आकाशातली सावली हटवण्यासाठी जुने कपडे आणि धान्य फेकले जाई. आणि आपले आजे-पणजे ते पदरात घेत, कारण घरात चूल पेटायची होती. त्यांना मी दोष देत नाही. पण सूर्यग्रहण म्हणजे चंद्राची सावली पृथ्वीवर पडणे आणि चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणे, हे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात सावल्यांच्या हिशेबानेच मांडले होते. म्हणजे दान दिले तरी ग्रहण सुटणार होते, न दिले तरी त्याच घटकेला सुटणार होते. हे ज्ञान देशात दीड हजार वर्षे होते, आणि वस्तीपर्यंत मात्र फक्त पुकारा आला.

ग्रहणाची गंमतही हाताने पाहता येते. पौर्णिमेच्या रात्री एक डोळा मिटून, हात लांब करून, हरभऱ्याचा दाणा चंद्रासमोर धरा. चंद्र झाकला जाईल. दुसऱ्या दिवशी मैदानावर पृथ्वीच्या जागी उभे राहून तोच दाणा त्या सत्तेचाळीस मीटरवरच्या परातीसमोर तसाच धरा. परातही झाकली जाईल. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे चारशे पट रुंद आणि सुमारे चारशे पट दूर, म्हणून दोघे आपल्याला सारखेच दिसतात आणि लहान चंद्र मोठ्या सूर्याला झाकू शकतो. हा प्रयोग खऱ्या सूर्यासमोर मात्र कदापि करू नका, डोळा कायमचा जाईल. सूर्यग्रहण पाहायचे तर पिठाची चाळणी उन्हात धरा; खालच्या सावलीत तिच्या प्रत्येक भोकाचा चंद्रकोरीसारखा ठिपका पडतो. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला मोठमोठ्या शहरांचे रस्ते भर दिवसा ओस पडले होते, शिकलेली माणसे दारे लावून बसली होती. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्या भागातून खंडग्रास ग्रहण दिसायचे आहे. पावसाळ्याचे ढग आडवे आले नाहीत, तर त्या दिवशी अंगणात चाळण्या दिसाव्यात. गरोदर सुनेला कोंडून, उपाशी ठेवू नका. तिला जेवू घाला आणि चाळणी तिच्या हाती द्या.

मंगळाकडे येऊ. पत्रिकेत बारा घरे असतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मुलगी मंगळी. म्हणजे बारांपैकी पाच घरे वाईट. मंगळ काही एकाच घरात मुक्काम करत नाही, तो सगळीकडून फिरतो. तेव्हा जन्मणाऱ्या शंभर मुलांमुलींतली चाळीसहून अधिक या नियमाने मंगळी ठरतात. इतक्या सगळ्यांचे जोडीदार लवकर मरत असते, तर गावे ओस पडली असती. आणि हे सगळे करणारी ती मोहरी! ती आपल्या दाण्याच्या अगदी जवळ येते तेव्हाही सतरा-अठरा मीटर लांब असते. आपल्या देशाने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून यान सोडले, ते २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले. त्याचा मार्ग गणिताने काढला होता. पत्रिका जुळवून कोणी काढला नव्हता.

साडेसातीचे गणित याहून सोपे आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींनी भागा. एका राशीत अडीच वर्षे. आपल्या राशीच्या आधीची, आपली आणि नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात. बरोबर? म्हणजे कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. चारांतला एक माणूस. वस्तीत चारशे माणसे असली तर शंभरांना आज साडेसाती आहे. साहेबांच्या बंगल्यातही चारांत एकाला आहे. मग वस्तीतच पाणी का येत नाही? याचे उत्तर आवळ्याकडे नाही, ते पंचायतीच्या कपाटात आहे. जोवर आपण शनीला तेल वाहतो तोवर ते कपाट उघडायला कोणी सांगत नाही. आणि तो शनी तरी कसा? पाण्यापेक्षा हलका. त्याला मावेल एवढे तळे असते तर तरंगला असता.

आता ताऱ्यांकडे. माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे. मुलगी शिकलेली, नोकरीला लागलेली. स्थळ आपल्यातलेच. बोलणी झाली, साखरपुड्याची तारीख निघाली, आणि मग मुलाकडून निरोप आला: मुलीचा जन्म ज्येष्ठा नक्षत्रावरचा, थोरल्या दिराला वाईट. मुळावरची सासऱ्याला वाईट, आश्लेषेवरची सासूला वाईट. सासरच्या एकेका माणसासाठी एकेक तारा राखून ठेवलेला! ती सोयरीक मोडली. मुलगी रडली नाही. तिने मला विचारले, "सर, ही ज्येष्ठा आकाशात दिसते कुठे?" तिच्या आयुष्यात जिने एवढा घोळ घातला, ती तिने कधी पाहिलेलीही नव्हती. मोडणाऱ्यांनीही पाहिली नसावी.

ज्येष्ठा हा लालसर तारा. तो किती मोठा? सूर्याच्या सुमारे सातशे पट रुंद. आपल्या परातीच्या मापाने तीनशे मीटर. परातीच्या जागी ज्येष्ठा ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ, सगळे दाणे तिच्या पोटात गडप होतील. लिंबू आणि त्यापुढचे ग्रह तेवढे बाहेर राहतील. रोहिणीचा तारा तिच्यापुढे लहान, तरी सूर्याच्या पंचेचाळीस पट. आपल्या मापाने वीस मीटर, समाजमंदिर पोटात घेईल एवढा. आणि हे तारे ठेवायचे कुठे? सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, तो साधा छोटासाच आहे, तोही या मापाने परातीपासून साडेबारा हजार किलोमीटरवर ठेवावा लागतो. परात मुंबईत असेल तर तो अमेरिकेत, न्यूयॉर्कला. ज्येष्ठा त्याच्याही शंभरपटींहून दूर आहे. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेपाचशे वर्षे लागतात. म्हणजे त्या मुलीच्या जन्माच्या रात्री जो किरण पृथ्वीवर पोचला, तो शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघाला होता. त्याला ही मुलगी ठाऊक नव्हती, तिचा दीर ठाऊक नव्हता, ते गावही ठाऊक नव्हते.

नक्षत्रापायी मोडलेल्या लग्नाची गोष्ट आपल्या जातककथांतही आहे, नक्खत्त जातक तिचे नाव. शहरातल्या एका घराने खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही नेमला. मग आपल्या घरी येणाऱ्या आजीवक साधूला विचारले, नक्षत्र कसे आहे? तो मनातून चिडला. दिवस ठरवून झाल्यावर मला विचारतात काय? म्हणाला, नक्षत्र वाईट आहे, जाल तर नाश होईल. ते गेले नाहीत. खेड्यातल्या माणसांनी मांडव घातलेला, स्वयंपाक झालेला. वाट पाहून त्यांनी मुलगी दुसरीकडे दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले हजर झाले आणि भांडण जुंपले. तेव्हा एका शहाण्या माणसाने त्यांना विचारले, मुलगी घरात येणे हाच तुमचा शुभ योग होता, तो तुम्ही दवडला, तारे काय करणार? त्या आजीवकाचा राग लक्षात घ्या. नक्षत्र वाईट ठरले ते आकाशामुळे नव्हे, मान न मिळाल्यामुळे. आणि मला वाटते, आजही पुष्कळ नक्षत्रे हुंड्याच्या आकड्यामुळे वाईट ठरतात. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे आणि नक्षत्रांची भाकिते सांगून पोट भरणे ही हलकी विद्या गणली आहे, आणि तथागत तिच्यापासून दूर राहतात असे सांगितले आहे.

इथे कोणी जाणकार मला अडवेल. संयुत्त निकायात राहूने चंद्राला धरल्याची आणि तथागतांनी त्याला सोडायला लावल्याची कथा आहे, तिचे काय? आहे, आणि श्रीलंकेत ती परित्तपाठात म्हटलीही जाते. ती लपवायचे कारण नाही. पण बुद्धवचन ओळखायची कसोटी परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात दिलेली आहे: जे विवेकाला आणि तर्काला धरून नाही ते बुद्धाचे म्हणून घेऊ नका. ती जुनी कथा म्हणून वाचावी. त्याच निकायांच्या परंपरेत, अंगुत्तरात, हजार सूर्य आणि हजार चंद्र असलेल्या विश्वांची गोष्ट तथागत आनंदाला सांगतात. एकच सूर्य आणि एकच पृथ्वी असे मानणाऱ्या जगात ही कल्पना केवढी मोठी!

दुसरा प्रश्न भगिनी नेहमी विचारतात: मग आपण पौर्णिमा कशाला पाळतो? पौर्णिमा हे घड्याळ आहे. ठरावीक दिवशी भिक्षूंनी एकत्र जमावे ही सूचना बिंबिसार राजाने केली, असे विनयात आहे. घड्याळे आणि दिनदर्शिका नसताना सगळ्या गावांना एकाच वेळी दिसणारी खूण म्हणजे चंद्र. त्या दिवशी आपण जमतो ते एकमेकांसाठी, चंद्रासाठी नव्हे.

आणि सूर्य-चंद्राचा परिणाम होतच नाही असे मी म्हणत नाही. ऊन पडते, ऋतू बदलतात, समुद्राला भरती येते. पण भरती कोळ्याच्या होडीला आणि शेठजीच्या बोटीला सारखीच उचलते. मुलगी कोणाची, नाव काय, हे ती विचारत नाही.

एक शेवटची गोष्ट विशेष काळजीने सांगतो. हा खेळ मांडला की पाहणारा म्हणतो, "आपण किती क्षुद्र!" मला हा शब्द आपल्या वस्तीत नको आहे. क्षुद्र आहोत हे आपल्याला हजारो वर्षे पुरेसे ऐकवून झाले आहे. आता ते आकाशाच्या तोंडून ऐकायचे कारण नाही. सूर्य मोठा आणि दाणा लहान ही मापाची गोष्ट झाली. मानाची नव्हे. व्याधाच्या तेजस्वी ताऱ्याला एक जोडीदार आहे. आकाराने पृथ्वीएवढा, ज्वारीचा दाणाच, पण वजन सगळ्या सूर्याएवढे. आणि जीव कुठे आहे म्हणाल, तर आजवर सापडला तो फक्त या एका दाण्यावर. परातीत नाही, लिंबात नाही, तीनशे मीटरच्या ज्येष्ठेत नाही. तिची रुंदी मोजणारा माणूस मात्र याच दाण्यावर राहतो, आणि तो कोणत्याही घरात जन्मू शकतो. तुमच्याही.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडे. परातीला लाल कागद चिकटवा, दुरून दिसते. दाणे एकेका पांढऱ्या कागदावर गोंदाने चिकटवून, कागदावर नाव लिहून मगच मैदानात न्या. खसखशीचा दाणा वाऱ्याने उडतोच, म्हणून चार जास्त ठेवा. राहू-केतूसाठी दोन कोरे कागद न्या आणि मुलांना त्यांवर काय चिकटवायचे ते शोधू द्या. ज्येष्ठा पाहायची तर जून ते सप्टेंबरमध्ये, पाऊस उघडलेल्या रात्री, जेवणे झाल्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. विंचवाच्या आकाराच्या ताऱ्यांत मधोमध जो लालसर दिसतो तो. सासूबाईंनाही बाहेर बोलवा.

जयभीम.